क्वांटम कॉम्प्युटर क्युबिटच्या आकड्यावरून तोलायचे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन क्वांटम चिप जाहीर झाली की हेडलाईनमध्ये क्युबिटचा आकडा असतो आणि मागोमाग तेच तेच प्रश्न यायला लागतात, म्हणून नेहमीचे प्रश्न उत्तरांसकट इथे एकत्र करून ठेवलेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळेल, आणि जिथे एकाचा धागा दुसऱ्यात जातो तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. क्युबिट म्हणजे काय ते आधी सोप्या भाषेत सांगा ना.

साध्या कॉम्प्युटरचा बिट एका वेळी ० तरी असतो नाहीतर १. क्युबिट या दोन्हींच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो, पण मोजला की ० किंवा १ यातलं एकच उत्तर देतो. प्रत्यक्षात ती एक खरीखुरी वस्तू असते: गुगल आणि आयबीएमच्या मशिनमध्ये प्रचंड थंड केलेलं सुपरकंडक्टिंग सर्किट, क्वांटिन्युअम आणि आयनक्यूकडे विद्युतक्षेत्रात अडकवून ठेवलेला एकेक आयन (विद्युतभार असलेला अणू), क्युएरा आणि ॲटम कॉम्प्युटिंगकडे लेझरने धरून ठेवलेला अणू. हे आत्ताच सांगतोय कारण "१०० क्युबिट" म्हटलं की डोळ्यासमोर एकसारख्या १०० वस्तू येतात, आणि खरी परिस्थिती अशी आहे की एकाच्या चिपवरचा क्युबिट आणि दुसऱ्याचा आयन यांच्या वेगात किंवा टिकण्याच्या वेळेत हजारपट आणि त्याहूनही जास्त फरक असू शकतो.

२. ज्याचे क्युबिट जास्त तो कॉम्प्युटर भारी, इतकं सरळ नाही का?

नाही. क्युबिटचा आकडा म्हणजे वहीला पानं किती एवढंच झालं, शाई किती वेळ टिकते आणि लिहिताना किती चुका होतात ते त्यातून कळत नाही. मशिनवर शेवटी सर्किट चालवायचं असतं, म्हणजे क्युबिटवर एकामागोमाग एक गेट (गेट म्हणजे एक छोटी क्रिया) लावत जायचं आणि शेवटी मोजायचं, आणि प्रत्येक गेटला थोडी चूक होतेच. त्यामुळे मला विचाराल तर खरा प्रश्न एकच आहे: उत्तर गोंधळात बुडून जायच्या आत हे मशिन किती क्युबिटवर मिळून किती गेट चालवू शकतं? क्युबिटची संख्या, एरर रेट, जोडणी, वेग हे सगळं त्या एका प्रश्नाचे तुकडे आहेत.

३. एक क्युबिट वाढला की ताकद दुप्पट होते असं सगळीकडे लिहितात, ते खोटं आहे का?

अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळेच ते इतकं पसरलंय. खरा भाग असा: क्युबिटची अवस्था साध्या कॉम्प्युटरवर पूर्ण लिहायची तर प्रत्येक वाढीव क्युबिटला लागणारे आकडे दुप्पट होतात. ३० क्युबिटला २ चा ३० वा घात, म्हणजे १०७ कोटींच्या वर आकडे, प्रत्येकाला १६ बाईट धरले तर साधारण १७ जीबी मेमरी. ४० क्युबिटला हेच १७ टीबीच्या वर जातं आणि ५० क्युबिटला १८ हजार टीबीच्या आसपास.

पण यावरून मशिनची "ताकद" दुप्पट झाली असं निघत नाही. एक तर मोजल्यावर n क्युबिटमधून जास्तीत जास्त n बिट माहिती बाहेर येते, हे होलेव्हो यांनी १९७३ मध्येच सिद्ध करून ठेवलंय, आत कितीही आकडे असले तरी बाहेर येणारा निकाल तेवढाच. दुसरं म्हणजे फायदा प्रॉब्लेमवर अवलंबून असतो: मोठ्या संख्येचे अवयव पाडायला शोर यांच्या पद्धतीने (१९९४) प्रचंड फायदा होतो, नुसत्या शोधाशोधीला ग्रोव्हर यांच्या पद्धतीने वर्गमुळाइतकाच, म्हणजे १० लाख पायऱ्यांच्या जागी साधारण १ हजार, आणि बऱ्याच कामांना काहीच नाही. तिसरं, हे सगळं क्युबिट बिनचूक असले तर, आणि ते तसे नसतात (प्रश्न ५).

४. मग क्युबिटच्या आकड्याला काहीच किंमत नाही असं म्हणायचंय का?

तसं अजिबात नाही, आणि हल्ली "क्युबिटचा आकडा म्हणजे नुसती जाहिरात" असं जे म्हटलं जातं ते मला तितकंच चुकीचं वाटतं. आकडा ही खालची अट आहे. वरच्या प्रश्नातलं गणित बघा, २५ ते ३० क्युबिटचं कुठलंही सर्किट चांगल्या लॅपटॉपवर जसंच्या तसं चालवून बघता येतं, त्यामुळे तेवढ्या क्युबिटचं मशिन कितीही अचूक असलं तरी साध्या कॉम्प्युटरला जमणार नाही असं काही ते करूच शकत नाही. साधारण ५० च्या पुढे गेल्यावरच ती शक्यता तयार होते. शिवाय एरर करेक्शनला, म्हणजे झालेल्या चुका शोधून दुरुस्त करायला, क्युबिट ढिगाने लागतात (प्रश्न १२), तिथे हजारो, लाखो हा आकडा खराच लागतो. म्हणजे कमी क्युबिट असतील तर "हे होणार नाही" असं ठामपणे सांगता येतं, पण जास्त क्युबिट आहेत म्हणून "हे होईल" असं सांगता येत नाही.

५. ९९ टक्के अचूक आणि ९९.९ टक्के अचूक, यात असा काय मोठा फरक? दोन्ही चांगलेच की.

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे म्हणून जरा सावकाश बघू. समजा १०० क्युबिटचं मशिन आहे आणि १०० थरांचं सर्किट चालवायचंय, प्रत्येक थरात क्युबिटच्या ५० जोड्यांवर एकेक गेट. झाले ५,००० गेट. एकही चूक न होता सर्किट पार पडण्याची शक्यता म्हणजे एका गेटची अचूकता स्वतःशीच ५,००० वेळा गुणायची.

९९.९ टक्के अचूकतेला उत्तर येतं साधारण ०.६७ टक्के. म्हणजे सर्किट १५० वेळा चालवलं तर एखाद वेळा स्वच्छ पार पडेल, हे कमी वाटतं पण हजारो वेळा चालवून त्यातून सिग्नल काढता येतो, लोक काढतातही. ९९ टक्क्यांना तेच उत्तर, टक्क्यांत न लिहिता, दशांश चिन्हानंतर २१ शून्यं आणि मग १५ असं येतं, म्हणजे विश्वाच्या वयाइतका वेळ दर मिलिसेकंदाला एकदा चालवत बसलात तरी एकदा सुद्धा पार पडण्याची खात्री नाही असा मामला. आणि ९९.९९ टक्के जमलं तर ६० टक्के वेळा सर्किट स्वच्छ पार पडतं!

आता तेच २० क्युबिट आणि २० थरांसाठी करा, फक्त २०० गेट. ९९ टक्क्यांना १३ टक्के, ९९.९ ला ८२ टक्के. म्हणून छोट्या डेमोमध्ये दोन्ही मशिन ठीकठाक दिसतात आणि सर्किट मोठं झालं की एक जागेवरच मरतं. बातमीत "९९ पॉइंट काहीतरी" दिसलं की ९ नंतरचा पुढचा आकडा नीट वाचा, आणि ती अचूकता दोन क्युबिटच्या गेटची आहे का तेही बघा, कारण एका क्युबिटचं गेट नेहमीच जास्त अचूक असतं आणि काही वेळा तोच गोजिरा आकडा पुढे केला जातो.

६. डी-वेव्ह कंपनीकडे ५,००० क्युबिट आहेत म्हणे, मग गुगल आणि आयबीएम १०० च्या घरात कसे काय?

कारण ती वेगळ्या जातीची मशिन आहेत. डी-वेव्हचं २०२० मधलं ॲडव्हान्टेज मशिन ५,००० पेक्षा जास्त क्युबिटचं आहे, पण ते ॲनीलर आहे, त्यात एकामागोमाग गेट लावून हवं ते सर्किट चालवायची सोय नाही. प्रॉब्लेम ऊर्जेच्या भाषेत मांडायचा आणि सिस्टिमला हळूहळू सगळ्यात कमी ऊर्जेच्या अवस्थेकडे जाऊ द्यायचं, असं त्याचं काम चालतं. ऑप्टिमायझेशन आणि काही पदार्थविज्ञानाच्या सिम्युलेशनसाठी त्याचा उपयोग होतो, शोरची पद्धत मात्र त्यावर चालत नाही.

आणि तिथेसुद्धा ५,००० हा आकडा थेट वापरता येत नाही. त्यात एक क्युबिट फार तर १५ इतरांना जोडलेला असतो, त्यामुळे प्रत्येक व्हेरिएबलचा प्रत्येकाशी संबंध असलेला प्रॉब्लेम असेल तर एका व्हेरिएबलसाठी क्युबिटची अख्खी साखळी खर्च करावी लागते आणि ५,००० क्युबिटवर असे १८० च्या आसपास व्हेरिएबल बसतात. ॲनीलरचा आकडा गेट मशिनच्या आकड्याशेजारी ठेवलेला तक्ता दिसला तर तो तक्ता सोडून द्या.

७. आयबीएमने ११२१ क्युबिटची चिप केली आणि मग १३३ वर आले, हे मागे जाणं नाही का?

या विषयातलं मला सगळ्यात बोलकं उदाहरण हेच वाटतं. ईगल १२७ क्युबिट (२०२१), ऑस्प्रे ४३३ (२०२२), कॉन्डोर ११२१ (डिसेंबर २०२३), असा आकडा चढत होता. आणि कॉन्डोर जाहीर केला त्याच वेळी आयबीएमने हेरॉन दाखवला, फक्त १३३ क्युबिटचा, आणि पुढची सगळी मदार हेरॉनवर ठेवली. कॉन्डोरची कामगिरी ऑस्प्रेच्याच आसपास होती, म्हणजे क्युबिट अडीचपट करून अचूकतेत फारसं काही हाती लागलं नव्हतं, तर हेरॉनमध्ये दोन क्युबिटमधली जोडणी हवी तेव्हा चालू आणि नको तेव्हा बंद करता येते, त्यामुळे शेजारच्या क्युबिटचा त्रास कमी झाला आणि ईगलच्या तुलनेत एरर बरेच खाली आले.

कॉन्डोर वाया गेला असंही नाही हां. एका चिपवर हजाराच्या वर क्युबिट बसवायचे, त्यांच्या वायरी एका क्रायोस्टॅटमध्ये (चिप प्रचंड थंड ठेवणाऱ्या यंत्रात) कोंबायच्या, हे करता येतं का ते त्यातून कळलं. नंतर २०२४ मध्ये हेरॉन १५६ क्युबिटचा झाला, आणि २०२५ च्या शेवटी नाईटहॉक आला तो १२० चा, म्हणजे परत कमी. पण जाहीर करताना पुढे केलेला आकडा बघा: ५,००० गेटपर्यंतची सर्किट, आणि २०२८ पर्यंत १५,००० गेटचं टार्गेट. कंपनी स्वतःच आता गेटमध्ये बोलायला लागलीय.

८. सगळे क्युबिट एकमेकांना जोडलेले नसतात का? त्याने काय बिघडतं?

आयन ट्रॅपमध्ये कुठलाही आयन कुठल्याही आयनाशी जोडता येतो, गरज पडली तर आयन हलवून शेजारी आणतात. सुपरकंडक्टिंग चिपवर क्युबिट जागेवर पक्का असतो आणि फक्त शेजाऱ्याशी बोलतो: गुगलच्या चौकटीत चार शेजारी, आयबीएमच्या हेरॉनपर्यंतच्या षटकोनी जाळीत दोन किंवा तीन.

लांबच्या दोन क्युबिटवर गेट लावायचं असेल तर माहिती एकेक घर सरकवत न्यावी लागते, आणि एकेका अदलाबदलीला दोन क्युबिटची तीन गेट लागतात. मधे १० क्युबिट असतील तर १० अदलाबदली, म्हणजे ३० गेट नुसती वाटेत, आणि मग आपलं खरं एक गेट. एका गेटची अचूकता ९९.५ टक्के धरली तर त्या ३१ गेटमध्येच १४ टक्के शक्यता गळून जाते, काम झालं फक्त एका गेटचं. म्हणूनच सगळे एकमेकांशी जोडलेले ५६ क्युबिट, विरळ जोडणीच्या १५० क्युबिटला काही सर्किटमध्ये सहज मागे टाकतात. उलट शेजाऱ्या-शेजाऱ्यांतच चालणारा प्रॉब्लेम असेल, समजा जाळीतल्या चुंबकांचं सिम्युलेशन, तर विरळ जोडणीचं काही नुकसान होत नाही.

९. एकच नंबर हवा असेल तर क्वांटम व्हॉल्यूम बघायचं का?

क्युबिटच्या आकड्यापेक्षा कितीतरी बरं. आयबीएमच्या लोकांनी ही कसोटी तयार केली: n क्युबिट घ्यायचे, n थरांचं रॅन्डम सर्किट चालवायचं, आणि जी उत्तरं जास्त वेळा यायला हवीत ती दोन तृतीयांशापेक्षा जास्त वेळा येतायत का ते बघायचं. जितक्या मोठ्या n पर्यंत पास व्हाल तितका २ चा n वा घात हा तुमचा क्वांटम व्हॉल्यूम. यात एरर, जोडणी, क्युबिट सगळं एकदम तपासलं जातं. एप्रिल २०२४ मध्ये क्वांटिन्युअमच्या एच१ मशिनने २ चा २० वा घात गाठला, म्हणजे १०,४८,५७६, आणि त्या मशिनमध्ये क्युबिट होते फक्त २०! म्हणजे होते तेवढे सगळे कामाला लागले. त्याच काळात शंभराच्या वर क्युबिटची मशिन या कसोटीवर यापेक्षा खूप खाली होती.

दोन अडचणी लक्षात ठेवा. घातामुळे आकडा उगाच प्रचंड दिसतो, १० लाख ऐकून हबकू नका, २० असंच वाचा. आणि ही चौकोनी सर्किटची परीक्षा आहे, क्युबिट जितके तितकेच थर, प्रत्यक्षातली सर्किट कधी रुंद आणि उथळ असतात, कधी अरुंद आणि खोल. शिवाय बरोबर उत्तर काय ते साध्या कॉम्प्युटरवर काढून ताडून बघावं लागतं, त्यामुळे मशिन मोठी झाली की ही कसोटी आपोआप दमते.

१०. मग "अल्गोरिदमिक क्युबिट" हे काय नवीन?

ते आयनक्यूचं माप आहे, ठराविक अल्गोरिदम चालवून त्यात किती क्युबिटपर्यंत उत्तर नीट येतं ते बघतात. कल्पना चांगली आहे, पण निकाल काढताना चुका कमी करायच्या काही युक्त्या वापरायला परवानगी असते आणि त्यावरून बरीच टीका झालीय. आयनक्यूचंच जुनं मशिन विरुद्ध नवीन मशिन बघायला वापरा, दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशेजारी ठेवू नका.

११. आयनची मशिन इतकी अचूक आहेत तर सगळे तीच का नाही बनवत?

वेग. सुपरकंडक्टिंग चिपवर दोन क्युबिटचं गेट काही दहा ते काही शे नॅनोसेकंदात होतं, आयनला दहापासून शेकडो मायक्रोसेकंद लागतात, वरून आयन हलवायचा वेळ वेगळा, त्यामुळे फरक हजारपट किंवा जास्त पडतो. आयनची क्वांटम अवस्था काही सेकंद, कधी मिनिटंही टिकते म्हणून हा संथपणा एका सर्किटमध्ये परवडतो, पण तेच सर्किट लाखो वेळा चालवायचं असेल तर दिवस जातात. वेग मोजायला आयबीएमने २०२१ मध्ये सेकंदाला किती सर्किट-थर पार पडतात असं वेगळं माप आणलं. वेगाचा हिशोब किती अंगाशी येऊ शकतो ते प्रश्न १५ मध्ये आकड्यांत दिसेल.

१२. फिजिकल क्युबिट आणि लॉजिकल क्युबिट, कुठला आकडा खरा धरायचा?

दोन्ही खरे, पण वेगळे. फिजिकल म्हणजे प्रत्यक्ष वस्तू (प्रश्न १). लॉजिकल म्हणजे बऱ्याच फिजिकल क्युबिटमध्ये एकाच क्युबिटची माहिती पसरवून ठेवायची आणि सतत तपासत राहायचं, म्हणजे एखादा चुकला तरी माहिती वाचते.

किती लागतात ते मोजून बघू. सर्फेस कोड ही सगळ्यात अभ्यासलेली पद्धत, त्यात d नावाचं अंतर असतं, d जितकं मोठं तितकं संरक्षण जास्त. माहिती ठेवायला d गुणिले d क्युबिट आणि तपासणीला त्याहून एक कमी. d ३ असेल तर ९ आणि ८, मिळून १७. d ५ ला ४९. d ७ ला ४९ अधिक ४८, म्हणजे ९७ क्युबिट खर्चून हातात एक. आणि हेही कधी फायद्याचं, तर फिजिकल एरर एका मर्यादेच्या खाली असेल तेव्हाच, सर्फेस कोडला ती साधारण १ टक्क्याच्या आसपास आहे. त्याच्या वर असाल तर क्युबिट वाढवल्यावर चुका कमी न होता वाढतात, म्हणजे जास्त क्युबिट म्हणजे जास्त वाईट कॉम्प्युटर असंही होऊ शकतं.

सर्फेस कोड हाच एक रस्ता नाही. आयबीएमने २०२४ मध्ये २८८ फिजिकल क्युबिटमध्ये १२ लॉजिकल बसवणारा कोड मांडला, त्याच दर्जाच्या संरक्षणाला सर्फेस कोडमध्ये ३,००० च्या घरात लागले असते, फक्त त्याला चिपवर लांबलांबच्या जोडण्या लागतात आणि त्या बनवणं अवघड आहे.

१३. गुगलच्या विलो चिपमध्ये फक्त १०५ क्युबिट, मग एवढा गाजावाजा कशाला?

आकड्यासाठी नव्हताच तो. डिसेंबर २०२४ मध्ये विलोवर d ३ वरून ५ आणि ५ वरून ७ केल्यावर दर पायरीला लॉजिकल एरर २.१४ पटीने खाली आला, d ७ ला तो तपासणीच्या दर फेरीला ०.१४३ टक्के होता. म्हणजे क्युबिट वाढवले आणि चूक खरोखर कमी झाली, तीस वर्षं जे कागदावर होतं ते सर्फेस कोडमध्ये चिपवर दिसलं, आणि लॉजिकल क्युबिट त्याच चिपवरच्या सगळ्यात चांगल्या फिजिकल क्युबिटपेक्षा २.४ पट जास्त टिकला. मला स्वतःला गेल्या काही वर्षांतला सगळ्यात महत्त्वाचा निकाल हाच वाटतो.

पण पुढचा हिशोबही बघा. याच वेगाने चूक १० लाखात एक करायची तर d २७ लागेल, म्हणजे २ गुणिले २७ गुणिले २७, वजा १, झाले १,४५७ फिजिकल क्युबिट, एका लॉजिकलसाठी. तीच फिजिकल अचूकता अजून सुधारली तर हा आकडा झपाट्याने खाली येतो, म्हणून प्रश्न ५ मधले ते ९ इथे पैशासारखे मोजले जातात.

१४. एक कंपनी म्हणते ४८ लॉजिकल क्युबिट, गुगलकडे तर एकच. मग गुगल मागे पडलं का?

लॉजिकल क्युबिटसुद्धा एकसारखे नसतात, आणि तुलनेची पुढची मोठी गफलत आता इथेच होणार असं दिसतंय. डिसेंबर २०२३ मध्ये हार्वर्डच्या गटाने अणूंच्या मशिनवर ४८ लॉजिकल क्युबिटचं सर्किट चालवलं, काम जबरदस्तच होतं, पण तो कोड असा होता की चूक झाल्याचं कळतं, दुरुस्त करता येत नाही, त्यामुळे चूक दिसली की तो प्रयत्न टाकून द्यायचा. सर्किट लांबलं की टाकून द्यायचं प्रमाण वाढत जातं. गुगलचा एकच होता पण फेरीमागून फेरी दुरुस्ती चालू ठेवणारा होता.

एकाच मशिनवर हा फरक बघायचा तर क्वांटिन्युअमचं २०२५ मधलं हेलिओस बघा: ९८ फिजिकल क्युबिट, त्यातून फक्त चूक ओळखणारे ९४ लॉजिकल दाखवले आणि चूक दुरुस्त करणारे ४८. मशिन तेच, आकडा जवळपास दुप्पट. म्हणून लॉजिकलचा आकडा दिसला की विचारा: ओळख की दुरुस्ती, किती फेऱ्या, लॉजिकल एरर किती, आणि त्यावर सगळ्या प्रकारची गेट चालवली की फक्त सोपी.

१५. बँकेची एन्क्रिप्शन तोडायला किती क्युबिट लागतील?

२,०४८ बिटच्या आरएसएसाठी (ही एन्क्रिप्शनची एक प्रचलित पद्धत) २०१९ मध्ये गिडनी आणि एकेरा या संशोधकांचा अंदाज होता २ कोटी फिजिकल क्युबिट आणि ८ तास. मे २०२५ मध्ये गिडनी यांनीच तो १० लाखांच्या आत आणला, वेळ एका आठवड्याच्या आत. हार्डवेअर तेच धरलेलं होतं, सुधारलं ते गणित आणि एरर करेक्शन, त्यामुळे "इतके क्युबिट झाले की धोका" अशी पक्की रेषा आखून बसणं मला धोक्याचं वाटतं, रेषाच खाली सरकते.

या आकड्यामागच्या अटी वाचल्याशिवाय तो वापरू नका: गेट एरर ०.१ टक्का आणि एरर तपासणीची एक फेरी १ मायक्रोसेकंदाची. फेरीला हजारपट वेळ लागणाऱ्या मशिनवर हेच गणित जसंच्या तसं टाकलं तर एक आठवड्याचे १,००० आठवडे होतात, म्हणजे १९ वर्षं. क्युबिट तेवढेच, पण उपयोग शून्य.

१६. ५३ क्युबिटने १०,००० वर्षांचं काम २०० सेकंदात केलं होतं ना? मग ५३ पुरेसे आहेत की!

ते २०१९ मधलं गुगलचं सायकामोर मशिन. काम होतं रॅन्डम सर्किटमधून नमुने काढायचं, ज्याचा दुसरा उपयोग जवळपास नाही, आणि १०,००० वर्षं हा अंदाज त्या वेळच्या साध्या पद्धतींचा होता. आयबीएमने लगेच म्हटलं की सुपरकॉम्प्युटरची डिस्क नीट वापरली तर अडीच दिवस पुरतील, आणि पुढच्या तीनेक वर्षांत साध्या मशिनवर ते प्रत्यक्षात करूनही दाखवलं गेलं.

ते जमलं त्याचं एक कारण एररच आहे. सायकामोरच्या सगळ्यात मोठ्या सर्किटची एकूण अचूकता ०.२ टक्के होती, म्हणजे हजार नमुन्यांत दोनांइतकाच सिग्नल आणि बाकी गोंगाट, तर साध्या कॉम्प्युटरलाही तेवढंच अर्धवट उत्तर काढलं की पुरतं. गोंगाट असलेलं मशिन हरवायला सोपं असतं. प्रश्न ३ मधली ती दुप्पट-दुप्पट मेमरी फक्त बिनचूक उत्तराला लागते.

१७. प्रकाशावर चालणाऱ्या मशिनमध्ये २५५ फोटॉन होते म्हणे, म्हणजे २५५ क्युबिट का?

नाही. चीनमधल्या जिउझांगच्या २०२३ मधल्या प्रयोगात एका वेळी २५५ फोटॉनपर्यंत मोजले गेले, पण ते बोसॉन सॅम्पलिंगचं मशिन आहे, एका ठराविक प्रकारचे नमुने काढणारं. त्यातला फोटॉन म्हणजे गेट लावता येणारा क्युबिट नव्हे, त्यामुळे त्याचा आकडा क्युबिटच्या यादीत टाकूच नका. डी-वेव्हसारखाच प्रकार, कारण फक्त वेगळं.

१८. ६,१०० अणूंचा रेकॉर्ड झालाय, मग तोच सगळ्यात मोठा क्वांटम कॉम्प्युटर ना?

कॅलटेकच्या गटाने ६,१०० अणू लेझरच्या चिमट्यांत धरून ठेवले, त्यांची अवस्था १२ सेकंदांच्या आसपास टिकवली, आणि या पद्धतीने आकडा वाढवता येतो हे दाखवलं, ते मोठं काम आहे. पण इतके अणू एकमेकांत गुंतवून, म्हणजे त्यांच्या क्वांटम अवस्था एकमेकांशी बांधून, त्यावर सर्किट चालवणं ही पुढची पायरी, ती त्यात नव्हती. "इतके क्युबिट धरले" आणि "इतक्या क्युबिटवर गणित केलं" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हेडलाईनमध्ये ती बऱ्याचदा एक होतात. दुसऱ्या टोकाला मायक्रोसॉफ्टची २०२५ मधली मेजोराना १ चिप, तिच्यात ८ क्युबिट सांगितले, तिथे वाद आकड्याचा नाहीच, ते अपेक्षित प्रकारचे क्युबिट आहेत हे पुरेसं सिद्ध झालंय का यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

१९. दोन चिप जोडल्या तर क्युबिटची बेरीज करायची का?

कशाने जोडल्या त्यावर आहे. आयबीएमने २०२४ मध्ये १२७ क्युबिटच्या दोन ईगल चिप साध्या, म्हणजे क्लासिकल तारेने जोडून १४२ क्युबिटचं सर्किट चालवलं. पण साध्या तारेतून दोन चिपमधले क्युबिट एकमेकांत गुंतत नाहीत, ती उणीव सर्किटचे तुकडे करून, जास्त वेळा चालवून, नंतर आकडेमोड करून भरून काढावी लागते, आणि चिपच्या सीमेवरून जाणारं प्रत्येक गेट हा खर्च पटीने वाढवतं. दोन-चार गेट पलीकडे गेली तर चालतं, शंभर गेली तर नाही.

क्वांटम जोडणी असेल तर बेरीज खरी धरता येईल. ऑक्सफर्डच्या गटाने २०२५ मध्ये दोन मीटर अंतरावरचे दोन आयन ट्रॅप प्रकाशाच्या दुव्याने जोडून त्यांच्यामध्ये खरं क्वांटम गेट चालवलं, अचूकता आली ८६ टक्के. चांगल्या आयन ट्रॅपच्या आतलं गेट ९९ च्या वर जातं आणि दुव्यावरून जाणारं ८६, तेव्हा आज तरी अशा मशिनचे क्युबिट सांगताना बेरजेसोबत दुव्याची अचूकता आणि सेकंदाला किती वेळा दुवा जुळतो हे दोन आकडे मागून घ्या.